जवळ बसण्याची रीत: ख्रिस्ती जीवनात उपासना कशी करावी

इंदुरातील मराठी ख्रिस्ती घरांत रविवारी सकाळी एकाच गोष्टीसाठी दोन शब्द ऐकू येतात. देवळाच्या फलकावर ‘आराधना’ लिहिलेले असते, कारण तेथील व्यवहार हिंदीत चालतो, घरातून निघताना मात्र आजी म्हणते, “चला, उपासनेला उशीर होतो आहे.” दोन्ही शब्द चांगले आहेत, पण मला आजीचा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण आपला अर्थ तो स्वतःच सांगतो. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस्’ म्हणजे बसणे. बेथानीच्या घरात मार्था पाहुणचाराच्या धावपळीत होती आणि मरिया प्रभू येशूच्या चरणांजवळ बसून त्याचे बोलणे ऐकत होती, असे लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात आपण वाचतो. त्या बसण्याला आपल्या भाषेत उपासना म्हणतात.

मी या शहराच्या कापडबाजारात ३१ वर्षे हिशेब लिहिले आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, बराच काळ ‘वडील’ (कारभार पाहणारा ज्येष्ठ) म्हणून सेवा केली. नवी लग्न झालेली जोडपी, नोकरीसाठी नगर-पुण्याकडून इकडे आलेली मुले, आणि कधी कधी पन्नाशी ओलांडलेली माणसेसुद्धा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: देवळात बसतो, गीते म्हणतो, उपदेश ऐकतो, पण उपासना झाली असे वाटत नाही, नेमके करायचे काय? हे लेखन त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की उपासना ही देवाला खूश करण्यासाठी आपण सुरू केलेली गोष्ट नसून त्याने आधी मारलेल्या हाकेला दिलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर सगळ्या आयुष्याने द्यावयाचे असल्यामुळे रविवारच्या तासाची तयारी शनिवारी सुरू होते व त्याची परीक्षा सोमवारी होते.

आधी अर्थ समजून घ्यावा

इब्री शास्त्रात उपासनेसाठी जो शब्द वारंवार येतो त्याचा मूळ अर्थ लवणे, भुईवर पालथे होणे असा आहे. आपला ‘दंडवत’ त्याच्या अगदी शेजारी बसतो. दुसरा शब्द ‘अवोदा’. शेतातले कष्ट, धन्याची चाकरी आणि देवाच्या मंदिरातील सेवा या सर्वांसाठी तो एकच शब्द वापरला जातो, आणि मला यात मोठा दिलासा वाटतो, कारण जो माणूस दिवसभर राबतो त्याचे राबणे आणि त्याची भक्ती यांच्यामध्ये शास्त्र भिंत घालत नाही. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात तेच सांगतो: देवाच्या दयेची आठवण देऊन तो विनवतो की आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. तो ‘मने’ म्हणत नाही, ‘शरीरे’ म्हणतो. हात, पाय, जीभ, डोळे, रात्रीची झोप आणि दुकानातली बैठक हे सगळे त्यात आले. शिवाय विनवणीच्या आधी दया येते, ही क्रमाची गोष्ट कधी विसरू नये. दया मिळावी म्हणून आपण अर्पण करीत नाही, ती मिळाली म्हणून करतो.

शोमरोनी स्त्रीने प्रभूला विचारले होते की उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत. आमच्या शहरातही लोक देवळे रंगाने ओळखतात, कोणी पांढऱ्या चर्चचा, कोणी लाल चर्चचा, आणि कोठे अधिक ‘चांगली’ उपासना होते यावर घरोघर चर्चा चालते. प्रभूने त्या स्त्रीला डोंगर निवडून दिला नाही. खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करतील, आणि पिता अशा उपासकांना शोधत आहे, असे त्याने सांगितले (योहान ४). शोधणारा तो आहे. आपण देवळाच्या पायऱ्या चढतो तेव्हा कोणीतरी आधीच आपली वाट पाहत असतो, एवढे मनात घेऊन आत शिरले तरी अर्धे काम होते.

शनिवारची संध्याकाळ

रविवारी सकाळी साडेआठला उठून, मुलांवर ओरडून, इस्त्री शोधत, कशीबशी गाडी काढून देवळात पोहोचलेल्या माणसाचे मन पहिली वीस मिनिटे रस्त्यावरच असते. त्यात इंदूरची रविवार सकाळ म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर पोहे-जिलेबीची गर्दी. म्हणून कपडे, मुलांच्या चपला, चष्मा, गीतांचे पुस्तक आणि दानाचे पाकीट शनिवारी रात्रीच एका जागी ठेवावे. ही घरकामाची सूचना वाटेल, पण मी ती आध्यात्मिक सूचना म्हणूनच देतो आहे.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी वाचले जाणारे शास्त्रभाग पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) विचारून घ्यावेत आणि घरात मोठ्याने वाचावेत. ते ठाऊक नसतील तर एक स्तोत्र वाचावे. वाचून झाल्यावर दहा मिनिटे एकट्याने बसावे आणि सरलेला आठवडा वारावारीने आठवावा. येथे मोघम बोलून भागत नाही. ‘प्रभू, मी पापी आहे’ हे म्हणणे खरे असले तरी सोपे आहे. ‘मंगळवारी मी पत्नीला चारचौघांत तोडून बोललो’ हे म्हणणे जड जाते, आणि जे जड जाते तेच सांगावयाचे असते. ज्यांना आठवत नाही त्यांनी कागदावर लिहावे व प्रार्थना झाल्यावर तो फाडून टाकावा. देवळात जी पापकबुली सर्वजण एका सुरात म्हणतात तिचे शब्द सर्वसाधारण असतात ते याचसाठी की प्रत्येकाने आपापला मंगळवार त्यात घालावा.

या तयारीचा सर्वांत अवघड भाग मत्तयाच्या ५व्या अध्यायात आहे. वेदीपुढे अर्पण आणताना तेथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा व मग परत यावे, असे प्रभू म्हणतो. माझा अपराध कोणता, एवढेच तेथे विचारलेले नाही. भावाच्या मनात काय आहे, हेही विचारले आहे.

हे वाक्य मला पाठ होते, पण ते मी एका जानेवारीत शिकलो. वडील गेल्यानंतर घराच्या वाट्यावरून थोरल्या बंधूंशी माझे बोलणे बंद पडले होते. ११ महिने झाले होते. त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, होते. भाकरीची थाळी माझ्या हातात आली, मी तिच्याकडे पाहिले, आणि काही न घेता ती शेजाऱ्याकडे दिली. उपासना संपल्यावर घरी न जाता तसाच स्कूटरवरून दादांकडे गेलो. ते ओट्यावर मांडीत परात घेऊन बटला सोलत बसले होते. मटाराला आम्ही इंदूरकर बटला म्हणतो. त्यांनी मान वर केली नाही. मी समोर बसलो आणि परातीतली एक शेंग उचलली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “नखाने नको, दाबून उघड, दाणे फुटतात.” एवढेच बोलणे झाले. घराचा प्रश्न सुटायला पुढे चार महिने लागले आणि तो माझ्या मनासारखा सुटलाही नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकर घेतली. हे सांगतो ते एवढ्यासाठी की समेट म्हणजे सगळा वाद मिटणे, अशी समजूत करून घेतल्यामुळे पुष्कळ लोक पहिले पाऊलच टाकत नाहीत. प्रभूने ‘जा’ म्हटले आहे; जाणे आपल्या हातात असते.

आणि ज्यांचे दुःख माझ्या घराच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठे आहे त्यांच्यासाठी आपल्याच भागातील एक साक्ष आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर रानी मारिया यांची हत्या झाली. गरीब आदिवासींना सावकारीतून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना नकोसे झाले होते. त्यांच्या धाकट्या भगिनी, त्याही धर्मभगिनीच, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी कॅथलिक चर्चने इंदुरातच सिस्टर रानी मारिया यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित केले. तो समारंभ मोठा होता. मला मात्र तुरुंगातली ती राखी त्याहून मोठी उपासना वाटते. अशी क्षमा कोणाकडून मागून घेता येत नाही आणि कोणावर लादताही येत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्यांना ‘क्षमा करा, नाहीतर देवळात येऊ नका’ असे कोणी कधीही म्हणू नये.

रविवारचा तास

दहा मिनिटे आधी पोहोचावे, फोन बंद करून खिशात ठेवावा आणि बसावे. लगेच काही मागू नये. आपण कोणाच्या समोर आहोत याचे भान येऊ द्यावे. यशया संदेष्ट्याने उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी मंदिरात प्रभूला पाहिले, तेव्हा घडलेल्या गोष्टींचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी पवित्रतेचे दर्शन, त्यातून स्वतःच्या अशुद्ध ओठांची जाणीव, मग वेदीवरच्या निखाऱ्याने झालेली शुद्धी, मग देवाची वाणी, आणि शेवटी “हा मी आहे, मला पाठव.” आपल्या देवळातील उपासनेचा क्रमही बहुतेक असाच असतो: स्तुती, पापकबुली, क्षमेचे वचन, शास्त्रपाठ व उपदेश, अर्पण, आशीर्वाद आणि निरोप. हा क्रम हाती धरला की पुढे काय चालले आहे हे कळते आणि ‘आता अजून किती राहिले’ असे होत नाही.

हा क्रम कालपरवा कोणी ठरवलेला नाही. सुमारे १५५ साली रोम शहरात हुतात्मा जस्टिन याने सम्राटाला लिहिताना ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. शहरातले व खेड्यातले सगळे एका जागी जमतात; प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जातात; अध्यक्ष त्यावर बोध करतो; सगळे उभे राहून प्रार्थना करतात; भाकर व द्राक्षारस आणला जातो, उपकारस्तुती होते आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो वाटा घेऊन जातात. ज्यांना ऐपत आहे ते स्वेच्छेने देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतली जाते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्याच मंडळीचा अहवाल वाचतो आहे असे वाटले.

गीतांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सर्वाधिक मतभेद तेथेच होतात. गीत सुरू होण्यापूर्वी त्याचे शब्द एकदा डोळ्यांखालून घालावेत. हिंदी गीतातला एखादा शब्द कळत नसेल तर विचारावा. न समजता गोड गळ्याने म्हटलेल्या ओळीपेक्षा समजून बेसूर म्हटलेली ओळ बरी. ज्यांना गाता येत नाही त्यांनी गप्प न बसता शब्द उच्चारावेत, कारण गाण्याचे आमंत्रण गवयांपुरते नाही. आणि ज्यांच्याकडे वाद्ये व ध्वनिवर्धक यांची व्यवस्था आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आपल्याला ऐकू येतो का, एवढी एकच कसोटी लावावी. येत नसेल तर आवाज कमी करावा. समोरच्या चारजणांचे गाणे सुंदर झाले आणि मंडळी मुकी राहिली, तर तो गाण्याचा कार्यक्रम झाला.

उपदेश ऐकताना जवळ पेन्सिल असावी. सगळे लिहून घेऊ नये. जे एक वचन मनाला टोचले किंवा धीर देऊन गेले त्याखाली खूण करावी आणि स्वतःला विचारावे की हे वचन मला या आठवड्यात कोणापुढे, काय करायला सांगते. घरी जेवताना पाळकांच्या बोलण्याची लांबी मोजण्याची सवय मुलांना आपणच लावतो; त्याऐवजी प्रत्येकाने आपापली खूण सांगावी.

अर्पण पगार झाल्याबरोबर बाजूला काढावे. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवावे असेच सुचवले आहे. थाळी समोर आल्यावर पाकीट चाचपून सुटे शोधणे हा देण्याचा नव्हे, टाळण्याचा अनुभव असतो. विधवेची दोन नाणी प्रभूने पाहिली ती दानपेटीसमोर बसून. तो आजही तेथे बसलेला आहे, असे समजून द्यावे.

प्रभुभोजनाविषयी निरनिराळ्या मंडळ्यांची शिकवण निरनिराळी आहे आणि त्या चर्चेची ही जागा नाही. एवढेच म्हणेन की ते घाईने घेऊ नये आणि ‘मी पात्र नाही’ म्हणून वर्षानुवर्षे टाळूही नये. पात्र असलेल्यांसाठी ते मांडलेलेच नाही. मी थाळी पुढे दिली ती एका रविवारपुरती, आणि उठून दादांच्या ओट्यावर जाण्यासाठी.

घरातली उपासना, मराठीतून

देवळात हिंदी चालते हे स्वाभाविक आहे. मंडळीत माळव्यातले, केरळातले, छोटा नागपूरचे असे अनेक भागांतले लोक असतात आणि सर्वांना समजेल अशीच भाषा तेथे हवी. म्हणून आईची भाषा जपण्याची जबाबदारी घरावर येते. आमच्या गल्लीत दिवेलागणीला शेजारच्या घरांतून मुलांचे ‘शुभं करोति’ ऐकू येते. त्याच वेळी आमच्याकडे स्तोत्र वाचले जाते. त्या घरांनी मुलांना वेळ पाळायला शिकवली आहे, आणि आपण त्यांच्याकडून ती शिस्त घेतली तर त्यात कमीपणा नाही.

वेळ पंधरा मिनिटांहून अधिक नसावी. तासाभराची कौटुंबिक उपासना तीन दिवस चालते आणि पंधरा मिनिटांची तीस वर्षे, हा माझा अनुभव आहे. एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचावा, एक गीत म्हणावे, प्रत्येकाने एक-दोन वाक्यांत प्रार्थना करावी आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी. रोज एक याप्रमाणे १५० स्तोत्रे पाच महिन्यांत पूर्ण होतात. ११९वे मात्र १७६ ओव्यांचे आहे, ते आठवडाभर वाटून घ्यावे. वाचण्याची पाळी मुलांना द्यावी. इकडच्या मुलांच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते आणि जोडाक्षरांपाशी ती अडखळतात. मध्येच थांबवून उच्चार सुधारू नयेत. माझा नातू सहा वर्षांचा असताना त्याने प्रार्थना केली होती, “देवा, आजोबांचा घुटना ठीक कर, आणि समोरच्या ताईचा पेपर आहे.” ‘गुडघा’ हा शब्द त्याला नंतर शिकवला. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी फक्त ‘आमेन’ म्हटले.

मराठीत देवाची स्तुती करण्याची आपली परंपरा उसनी नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली छापली गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर भजन, अभंग आणि कीर्तन ही आपल्या मातीतली रूपे ख्रिस्ताच्या चरणी वाहिली. पंडिता रमाबाईंनी केडगावात राहून, इब्री व ग्रीक शिकून, सगळ्या पवित्रशास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, साध्या बायाबापड्यांना ते कळावे म्हणून. महिन्यातून एकदा दोन-तीन मराठी कुटुंबांनी कोणाच्या तरी घरी जमून पेटी, तबला आणि टाळ घेऊन भजने म्हणावीत. पेटी वाजवणारा नसला तरी टाळावर चालते. खाली सतरंजीवर बसावे. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की लोक श्रोते होतात.

मन लागत नसेल तेव्हा

असे दिवस येतात, आणि ते अविश्वासाचे लक्षण आहे असे मी कोणालाही म्हणू देणार नाही. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. १३वे स्तोत्र ‘किती वेळ’ असे पुन्हा पुन्हा विचारते, आणि ८८वे तर अंधारातच संपते. त्याला शेवटी आनंदाची ओळ जोडलेली नाही, तरी ते शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभूने २२व्या स्तोत्राचे पहिले शब्द उच्चारले. म्हणजे दुःखाने भरलेल्या माणसाला हसरे तोंड करून बसण्याची गरज नाही. त्याचे रडगाणेही देवाच्या घरातलेच गाणे आहे.

व्यवहारात काय करावे? स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घ्यावेत: छापील प्रार्थना, पाठ असलेले गीत, मतांगीकार (आपल्या विश्वासाची ठरीव शब्दांतली कबुली). पूर्वी मलाही वाटे की पाठ केलेली प्रार्थना मनापासून नसते. पत्नी रुग्णालयात असताना बाहेरच्या बाकावर मला प्रभूच्या प्रार्थनेपलीकडे एकही शब्द आठवेना, तेव्हा कळले की पाठांतर हे अशा रात्रींसाठी साठवून ठेवलेले धान्य असते. मन येत नसेल तर शरीर आणावे. गुडघे टेकावेत किंवा उभे राहावे. तेही जमत नसेल तर देवळात जाऊन नुसते बसावे आणि इतरांना आपल्या वाटचे गाऊ द्यावे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र मिळणे सोडू नका असे म्हटले आहे त्याच्या शेजारीच एकमेकांना उत्तेजन देण्याची गोष्ट आहे. एकमेकांच्या आधारासाठीच मंडळी आहे.

सोमवार

कापडाच्या दुकानात मीटरपट्टीवर कापड मोजताना ते थोडे ताणून धरले की मीटरमागे बोटभर कापड दुकानाचे राहते. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पावतीत येत नाही. नव्या पोराला ही युक्ती पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते. हिशेबाच्या गादीवरून मी ते हात रोज पाहत असे, आणि पुष्कळ वर्षे मी काही बोललो नाही, कारण मोजणारा मी नव्हतो. वहीत मात्र त्या बोटभर कापडाचा नफा मीच लिहीत होतो.

सुमारे ११२ साली बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजान याला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांविषयी विचारले. त्याने चौकशी केली तेव्हा त्याला एवढेच आढळले की हे लोक ठरावीक दिवशी पहाटेच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, आणि शपथ घेतात: चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, ठेव परत मागितली तर नाकारणार नाही. परक्या अधिकाऱ्याला दिसलेली पहाटेची उपासना अशी होती. गीताच्या लगेच मागे ठेवीचा हिशेब. आमोस संदेष्ट्याने तर ५व्या अध्यायात देवाच्या वतीने सांगितले आहे की तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. तो अध्याय वाचून झाल्यावर मी मालकांशी बोललो. त्यांनी ऐकून घेतले, रागावले, आणि पुढे काही दिवसांनी पट्टीशेजारी कापड सैल सोडून मोजले जाऊ लागले. सगळीकडे असे होईल असे नाही. काहींची नोकरी जाईल. म्हणून अशा गोष्टी एकट्याने सोसू नयेत, मंडळीतल्या विश्वासू माणसाला आधी सांगाव्यात व त्याच्याबरोबर प्रार्थना करूनच बोलावे.

आठवड्यात कामाला लागण्यापूर्वी एका वाक्याची प्रार्थना पुरते. स्वयंपाकघरात गॅस पेटवताना, दुकानाचे शटर वर करताना, वर्गात हजेरी घेण्यापूर्वी ‘प्रभू, हे तुझ्यासाठी’ एवढे म्हणावे. कलस्सैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे सांगितले आहे, आणि ते तेथे दासांना सांगितले आहे, ज्यांना आपले काम निवडण्याचीही मोकळीक नव्हती.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे

जस्टिनच्या वर्णनातील जो भाग आपल्याकडून सर्वांत अधिक सुटला आहे तो हा. मंडळीत कोण तीन रविवार दिसले नाही याची नोंद एकाने तरी ठेवावी, आणि रविवारी दुपारी दोघांनी मिळून जावे. एकट्याने जाऊ नये, आणि चौघांहून अधिक जणांनीही नाही, कारण आजाऱ्याच्या घरी पाणी द्यायला माणूस नसतो. प्रभुभोजन न्यायचे असेल तर पाळकांना बरोबर घ्यावे. मोठ्या अक्षरांचे गीतांचे पुस्तक, एक स्तोत्र आणि त्या दिवशीच्या उपदेशातली आपली खूण एवढे जवळ असावे. आधी त्यांना बोलू द्यावे. बहुतेकांना आठवडाभर कोणी ऐकणारे भेटलेले नसते. खुर्ची खाटेजवळ ओढून घ्यावी, आवाज फार मोठा करू नये, आणि त्यांना आवडणारे गीत त्यांनाच विचारून सुरू करावे. सूर त्यांनी धरला की आपण त्यांच्या पट्टीत म्हणावे.